मामींचा दाखला

आमच्या घरात माणसं चार आणि कागदपत्रं चाळीस माणसांची. एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, तेव्हा मी सगळ्यात आधी माळ्यावर चढवली ती कागदांची पेटी. मग गॅसची टाकी. मग गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या बायकोनं विचारलं, "अहो, माझा नंबर कितवा आहे?" हा प्रश्न ती अजूनही पाहुण्यांसमोर विचारते आणि पाहुणे अजूनही हसतात.

मी सांगलीतल्या एका सरकारी कचेरीत कारकून. सव्वीस वर्षं माझं काम एकच, लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी काढायच्या. कुणाचा फोटो नाही, कुणाची सही नको त्या जागी, कुणी झेरॉक्स जोडली आणि मूळ प्रत घरी विसरला. खिडकीशी माणूस आला की मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघतो. ही सवय मी कचेरीपुरती ठेवली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण मी ती रविवारी चर्चलाही घेऊन जायचो.

आमची मंडळी, म्हणजे चर्चचा समाज, लहान. त्या मंडळीच्या पंच कमिटीचा मी नऊ वर्षं सेक्रेटरी. फार लायक होतो म्हणून नव्हे. बाकीच्या पंचांना वहीत लिहायचा कंटाळा आणि मला न लिहिता चैन पडत नाही, एवढंच कारण. शिवाय दृढीकरणाचा वर्ग माझ्याकडे. आमच्यात तान्हेपणी बाप्तिस्मा होतो. पोरं चौदा-पंधराची झाली की ती स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करतात आणि मग त्यांना प्रभुभोजनाची भाकर आणि पेला मिळतो. त्याआधीचे बारा धडे मी शिकवतो. म्हणजे पोरं समोर बसतात आणि मी बोलतो.

सातवा धडा माझा आवडता. फळ्यावर मी ठळक अक्षरात लिहायचो, 'देवाच्या राज्यात प्रवेशासाठी आवश्यक बाबी', आणि खाली यादी. पश्चात्ताप. विश्वास. पाण्यानं आणि आत्म्यानं नवा जन्म. आज्ञापालन. शेवटी कंसात 'सर्व बाबी अनिवार्य' असंही लिहायचो. ते शास्त्रात कुठंच नाही, पण हात थांबायचा नाही.

प्रभूकडे एक श्रीमंत तरुण आला होता, सगळ्या आज्ञा लहानपणापासून पाळलेला, पण संपत्ती सोडवेना म्हणून शेवटी खाली मान घालून परत गेला. त्याची गोष्ट मी अशी सांगायचो, "बघा, फाईल पूर्ण होती. एकच त्रुटी राहिली." लोक लेकरांना घेऊन आले आणि शिष्यांनी त्यांना अडवलं, त्या प्रसंगात तर मनातून मी कायम शिष्यांच्या बाजूनं. एवढ्या गर्दीत कुणीतरी रांग लावायला नको का? प्रभूनं त्यांनाच दटावलं आणि अशा लेकरांचंच हे राज्य आहे म्हणाला, हे मी वाचून दाखवायचो, पण जरा घाईनं.

गेल्या वर्षी वर्गात माझी स्वतःची मुलगी होती. तिनं हात वर केला. "पप्पा, प्रभूच्या शेजारी क्रुसावर जो चोर होता, ज्याला प्रभूनं स्वर्गात घेतलं, त्याचा बाप्तिस्मा कधी झाला?"

वर्ग एकदम जागा झाला. मी खडू झटकला आणि म्हणालो, "ती खास बाब होती."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. त्या माझ्या सासूबाई होत्या.

त्यांना मी मामी म्हणतो. वय एक्याऐंशी. सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. सासरे वारले, मामींचा खुबा दुखायला लागला आणि उठताबसता कळ यायला लागली, म्हणून बायकोनं त्यांना सांगलीला आणलं. रविवारी उपासनेआधी माझा वर्ग असतो आणि त्यांना घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून त्या मागच्या बाकावर बसत. मांडीवर मेथीची जुडी. माझे बारा धडे त्यांनी असेच पानं खुडत ऐकले. मला वाटायचं त्यांचं लक्ष मेथीकडे आहे.

आता माझ्या ठरावाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं कांड त्यानं केलं. मामी येण्याच्या वर्षभर आधी मी कमिटीत एक ठराव मांडला होता. बाहेरगावाहून येणाऱ्यानं बाप्तिस्म्याचा दाखला आणि आधीच्या मंडळीचं पत्र आणल्याशिवाय त्याचं नाव आमच्या वहीत चढणार नाही, आणि वहीत नाव नसेल त्याला प्रभुभोजन नाही. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. ते म्हणाले, "सर, एवढं कडक?" मी म्हणालो, "साहेब, शिस्त." बाकीच्या पंचांनी हात वर केले. चहा आला होता, तो निवत होता. ठराव एकमतानं मंजूर.

मामी आल्यावर पहिल्या महिन्यातला प्रभुभोजनाचा रविवार आला. त्या पहाटेच न्हाऊन, पांढरं पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन तयार. मी म्हणालो, "मामी, आज नको. तुमचं पत्र यायचंय गावाकडनं. मी लिहिलंय."

"बरं," म्हणाल्या. उपासनेत सगळे उठून पुढं गेले, त्या जागेवर बसून राहिल्या.

गावाकडच्या मंडळीत सात घरं. पाळक महिन्यातून एकदा साताऱ्याहून येणारे. माझ्या पत्राला उत्तर कोण देणार? दुसरा महिना गेला. तिसरा गेला. दर वेळी शनिवारी मामी विचारत, "जावईबापू, माजं पत्र आलं का?" मी म्हणायचो, "येईल." बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "आईला पन्नास वर्षं तिथं भाकर मिळाली. तुमच्या वहीला आजच काय झालं?"

"ठराव आहे."

"ठराव तुमचाच ना?"

"म्हणून तर," मी म्हणायचो. "सेक्रेटरीच्या घरच्या माणसाला सूट दिली तर लोक काय म्हणतील?"

"मग करा ना खास बाब. चोराला केली तशी."

"त्याला वरून मंजुरी लागते," मी म्हणालो. हे मी विनोदानं म्हणालो होतो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

चौथ्या महिन्यात मिरजेच्या डॉक्टरांनी मामींचा फोटो काढला आणि खुब्याचं ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. वय आहे, हृदय थोडं कमजोर आहे, पण करू. तारीख पडली, साधारण महिन्याभरानंतरची.  रिक्षात बसल्यावर मामी म्हणाल्या, "जावईबापू, मला कापायच्या आदी येकदा पंगतीत बसवा. नंतरचं काय खरं न्हाई."

त्या प्रभुभोजनाला पंगत म्हणायच्या. रिक्षा मिरज रोडवरून धडधडत होती आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी एका बाईला चार महिने जेवणाच्या ताटासमोर हात बांधून बसवलंय.

पण वाटलं म्हणून काय झालं? त्या क्षणी ठराव गुंडाळून ठेवणारा माणूस वेगळा असतो. मी म्हणालो, "आपण स्वतः जाऊन पत्र आणू."

शनिवारी सकाळी आमच्या जुन्या गाडीनं निघालो. मी, बायको आणि मागच्या सीटवर उशीला टेकून मामी. साताऱ्यात पाळकांच्या कार्यालयात थांबलो. तिथले गृहस्थ म्हणाले, त्या छोट्या मंडळ्यांच्या वह्या गावातच असतात, गावच्या जुन्या पंचांकडे. मग घाटातला बोगदा ओलांडून खंडाळा आणि तिथून आत, रानातल्या रस्त्यानं त्यांच्या गावी. मामी वाटेत फारशा बोलल्या नाहीत. एरवी गाव जवळ आलं की त्या प्रत्येक बांधाचा इतिहास सांगतात. मला वाटलं खुबा दुखत असेल.

जुने पंच म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक, मामींपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, कानानं कमी पण आवाज खणखणीत. "सलाम, सलाम! या, जावई!" त्यांनी पत्र्याची पेटी ओढली, तिच्यातून धडप्यात बांधलेली वही काढली. कापड सोडलं. मला ती वही बघून भरून आलं. रकाने सरळ, अक्षर मोत्यासारखं. वाळवी नाही, डाग नाही. अशी वही ठेवणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

"ह्यांच्या घरच्यांचा बाप्तिस्मा येकाच दिवशी झाला," गुरुजी म्हणाले. "मी हजर होतो." भिंगानं पान शोधून त्यांनी माझ्यापुढं सरकवलं.

नोंदी चार होत्या. पहिली माझ्या सासऱ्यांची. दुसरी सासऱ्यांच्या आईची. तिसरी माझ्या मेव्हण्याची, वय पाच वर्षं. चौथी माझ्या बायकोची, वय तीन महिने. पुढं रेघ, आणि रेघेखाली दुसरंच कुटुंब.

मी पान उलटलं. परत मागं आलो. सव्वीस वर्षांच्या सवयीनं बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं. मामींचं नाव नव्हतं.

"राहिलं असेल लिहायचं," बायको म्हणाली.

गुरुजी दुखावले. "माझ्या वहीत राहत नसतं, बाई."

सगळ्यांनी मामींकडे बघितलं. त्या खाटेच्या कडेला बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, "न्हाईच व्हनार. मी पाणी आणाय गेल्ते."

आणि त्यांनी सांगितलं. त्या दिवशी पाळकसाहेब साताऱ्याहून आलेले. घरात पाहुणे, चुलीवर जेवण. साहेब म्हणाले, बाप्तिस्म्याला चांगलं पाणी आणा. घागरीत होतं त्यात पोरांनी हात बुचकळलेले. विहीर लांब, उन्हाळा, पाणी तळाला. घरात बाईमाणूस दोनच, सासू आणि ह्या. बाप्तिस्मा दोघींचा होता, पण सासूला विहिरीवर कोण धाडणार? मग ह्याच घागर घेऊन गेल्या. रहाटाला गर्दी. भरून परत येईपर्यंत साहेबांची परतीची एसटी जवळ आलेली. त्यांनी तांब्यात होतं तेवढ्याच पाण्यात सगळं उरकलं. तान्ही पोर माझ्या सासऱ्यांच्या हातावर होती. मामी दारात घागर घेऊन उभ्या राहिल्या तेव्हा आत सगळे 'आमेन' म्हणत होते.

"मग?" बायकोनं विचारलं. तिचा स्वतःचा बाप्तिस्मा तिला पहिल्यांदाच कळत होता.

"मग काय? पानी आमटीत घातलं. एवढी मानसं जेवायची व्हती."

"आई, तू सांगितलं का नाहीस कुणाला?"

"काय सांगू? मालकांचं झालं, पोरांचं झालं, म्हंजे माजंबी झालंच की. मला तसंच वाटायचं." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. "पर जावईबापूंनी तो फळ्यावरचा धडा घेतला, पाण्याचा. तवा काळजात चर्र झालं. म्हटलं माजं पाणी तर राहिलंय. तवापास्नं झोप न्हाई. म्हटलं बुकात तरी नाव असंल येखाद्या वेळंस. म्हून आले तुमच्याबरोबर."

म्हणजे त्या धड्यापासून ही बाई 'पत्र आलं का' विचारत होती ते पत्राबद्दल नव्हतंच. आपल्याला आत घेणार की नाही, हे ती विचारत होती. आणि मी पोस्टमनसारखा 'येईल, येईल' म्हणत होतो.

गुरुजींनी टोपी सरळ केली. खिशातलं पेन काढून माझ्यासमोर ठेवलं आणि त्यांना हळू वाटणाऱ्या आवाजात, म्हणजे अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा, म्हणाले, "जावई, चौथ्या ओळीखाली जागा हाय. पाणी तिनंच आणलं व्हतं का न्हाई? मग लिवा! मी सही करतो."

मी ते पेन हातात घेतलं, हे कबूल करतो. टोपण काढलं. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांचे अर्ज एका शाईच्या डागासाठी परत पाठवले, तो मोत्यासारख्या अक्षराच्या वहीत खोटी ओळ घालायला निघाला होता, आणि मनात विचार कुठला, तर शाई जुन्या शाईशी जुळेल का! माझी पश्चात्तापाची यादी त्या दिवशी लांबली.

"ठिवा ते पेन," मामी म्हणाल्या. "खोटं लिवून आत जायचं व्हय? आणि पाणी काय संपलंय का जगातलं? करा की माजा बाप्तिस्मा आता."

परतीच्या वाटेवर कऱ्हाडच्या अलीकडे चहाला थांबलो. बायकोनं पाळकसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "मामींना कसला वर्ग अन् कसली परीक्षा? पहिल्या रविवारी घेऊन या. बाप्तिस्मा देतो आणि लगेच प्रभुभोजन." पहिला रविवार पंधरा दिवसांवर, त्यानंतरच्या मंगळवारी ऑपरेशन. मी सुटकेचा श्वास टाकला.

मामींनी बशीतला चहा फुंकला. "मोठ्या मानसाला बारा धडे हायत न्हवं? जावईबापूंचाच नियम हाय. मी करनार. नंतर कुणी म्हनायला नको, सासूला वशिल्यानं आत घेतलं."

"मामी, तुम्ही ऐकलेत ना सगळे धडे."

"मेथी खुडत ऐकले. आता नुसतं ऐकते."

मग रोज सकाळी कचेरीला जाण्याआधी स्वयंपाकघरात वर्ग. बाराच दिवस, बारा धडे. मी स्टुलावर, मामी खुर्चीत, बायको पोळ्या लाटतेय, मुलगी डबा भरता भरता आजीला प्रश्न पुरवतेय. सातवा धडा घेताना मला माझाच आवाज ऐकू यायला लागला. पाण्यानं आणि आत्म्यानं, असं म्हणताना मी अडखळलो. मामी म्हणाल्या, "बोला की. आता भीती न्हाई. आता तारीख पडलीय." पोळपाटावरचं लाटणं थांबलं आणि बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की मी 'सर्व बाबी अनिवार्य' गिळून टाकलं.

परीक्षा पंच कमिटीसमोर. तोही माझाच नियम. पाच पंच, एक पाळक आणि पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत मामी, काठी मांडीवर आडवी. माझ्या स्वतःच्या दहावीच्या वेळी मला जेवढा घाम आला नव्हता तेवढा आला. पाळकसाहेब म्हणाले, "सेक्रेटरींनीच विचारावं."

मी घसा खाकरला. "देवाच्या राज्यात प्रवेश करण्यासाठी काय आवश्यक आहे?"

मामींनी बोटं मोजत धडाधड यादी म्हटली. एक शब्द इकडचा तिकडं नाही. पंचांनी माना हलवल्या. मी सुखावलो. आणि मग त्या म्हणाल्या, "पर जावईबापू, येक इचारू? ही यादी तिथं दारात कोण तपासतंय? तुमीच बसनार हाय का?"

सगळ्यात वयस्कर पंच इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"तसं नाही, मामी..."

"तसं न्हाई तर बरं हाय. तुमी बसला तर मग लय उशीर लागंल." मग पदर सावरून त्या पाळकांकडे वळल्या. "साहेब, मला खरं सांगायचं तर येवढं कळतं, की प्वारं आली तवा प्रभूनं कुनाला मागं धाडलं न्हाई. मी आता एक्याऐंशीची. चालवत न्हाई, ऐकाय कमी येतं, दुसऱ्यानं धरून न्यावं लागतं. म्हंजे पोरासारखीच झाले की. मला न्हेलं तर मी जाईन. न्हेणाऱ्यावर माजा भरवसा हाय."

  पाळकसाहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला, घाम पुसल्यासारखं करून.

मामी परत माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, तुमची परीक्षा कुनी घेतल्ती?"

माझा दाखला आमच्या पेटीत पहिल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात आहे. बाप्तिस्मा वय एक महिना. आई सांगायची, पाळकांनी मला हातावर घेतलं आणि नाव उच्चारायच्या आत मी त्यांचा पांढरा झगा ओला केला. म्हणजे मला आत घेतलं त्या वेळी माझ्यापाशी विश्वास नव्हता, आज्ञापालन नव्हतं आणि पश्चात्ताप तर त्या झग्याचाही नव्हता. दुसऱ्याच्या हातावर होतो, एवढीच माझी पात्रता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कार्यक्रमात लोकांना हसवायला मी ही गोष्ट कितीदा सांगितली असेल. पण ती सातव्या धड्यात कधी घ्यावीशी वाटली नव्हती.

"कुणी नाही, मामी," मी म्हणालो.

"मग तुमाला कसं घेतलं?"

"तसंच घेतलं."

"हां," मामी म्हणाल्या, आणि काठी टेकून उठायला लागल्या. परीक्षा संपली हे त्यांनीच ठरवलं.

त्या मीटिंगमध्ये मी माझा ठराव मागं घेण्याचा ठराव मांडला. तोही एकमतानं मंजूर झाला. चहा आलेलाच होता.

बाप्तिस्म्याच्या रविवारी पाणी भरण्याचं काम मी मागून घेतलं. मला वाटलं होतं, त्यांनी एकदा घरच्या सगळ्यांसाठी पाणी आणलं, आज मी त्यांच्यासाठी आणीन. फार सुंदर विचार होता. घरून स्टीलची कळशी काठोकाठ भरून आणली आणि नव्या चपलांनी चर्चच्या पायरीवर घसरलो. पडलो नाही, पण कळशी आडवी झाली. निम्मं पाणी माझ्या पँटवर, निम्मं गालिच्यावर. आत गीत चालू होतं. तिसरं कडवं. मी हिशेब केला, अजून दोन कडवी, मागच्या नळावर जाऊन येतो.

नळाला पाणी नव्हतं. रविवारी सकाळी सांगलीत नळाला पाणी नसतं, हे सांगलीत जन्मलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं. शेजारच्या घरी गेलो. तिथल्या बाईंनी माझी पँट बघून काही विचारलं नाही, पिंपातून कळशी भरून दिली. धावत आलो. दारात पाऊल ठेवलं आणि आतून सगळ्यांच्या तोंडून एकदम 'आमेन' ऐकू आलं.

मामी खुर्चीत बसल्या होत्या, पांढऱ्या पदराखालून कपाळावर थेंब ओघळत होते. पाळकसाहेबांच्या हातात माझ्या मुलीची शाळेची पाण्याची बाटली होती, गुलाबी, झाकणाला मांजराचे कान असलेली. माझी वाट बघून शेवटी तिनं ती पुढं केली होती.

मी भरलेली कळशी घेऊन दारातच उभा राहिलो. मग प्रभुभोजन झालं. भाकरीचं ताट फिरवणं पंचांकडे असतं. ओल्या पँटनं मी ते फिरवलं. मामींपुढं आलो तेव्हा त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली. गावाकडे तसंच घेत असतील. पन्नास वर्षांच्या सवयीचे हात होते ते. नवखेपण माझ्याच हातांना होतं.

उपासनेनंतर वही उघडली. नाव, वय, ठिकाण, पाळकांची सही. शेवटचा रकाना साक्षीदाराचा. मी पेन टेकवलं आणि थांबलो. मी काय बघितलं होतं? काहीच नाही. खोटी ओळ लिहायची हौस त्या गुरुजींच्या घरीच फिटली होती. मी वही बायकोकडे सरकवली. तिनं आपली सही अशी ऐसपैस केली की ती खालच्या ओळीत उतरली. मी त्रुटी काढली नाही.

ऑपरेशन झालं. आता मामी वॉकर घेऊन घरभर फिरतात आणि कागदांच्या पेटीला अडखळून तिला नावं ठेवतात. पण त्या रविवारी अजून मंगळवारचं काही ठाऊक नव्हतं. चर्चबाहेर रिक्षाची वाट बघत मी त्यांचा दंड धरून उभा होतो. त्यांनी माझ्या पँटकडे बघितलं.

"जावईबापू, माजा बाप्तिस्मा झाला तवा तुमी कुटं व्हता?"

"पाणी आणायला गेलो होतो, मामी."

"व्हय?" त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "मग चालतंय."